समुद्रातील वायूची आखणी

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बुधवार पेठेतील सभागृहात दिलेले व्याख्यान. मंडळाच्या इच्छेवरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



कार्यकारी समितीने आम्हांस येथे बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. ज्ञातीचा इतिहास सांगणारे आमच्याहून अधिकारी पुरुष या सभेत बसलेले आहेत. धर्मविषयक प्रवचन करण्याची आमची योग्यता नाही. आमचे सारे आयुष्य समुद्रातील वायू किनाऱ्यावर आणण्याच्या कामाच्या आखणीत गेले. तेव्हा त्याच विषयावर चार शब्द बोलावेत असे ठरविले. विषय रुक्ष वाटेल. परंतु त्याचा एक धागा आपणांपैकी प्रत्येकाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला आहे, एवढे ध्यानात घेऊन आपण तो ऐकून घ्यावा, अशी विनंती आहे.

आमचे बालपण याच पेठेतील एका वाड्यात गेले. पहाटे तांब्याचा बंब पेटविण्याची पाळी आम्हा भावंडांत वाटून दिलेली असे. स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर व्हावयाचा. मागाहून तुळशीबागेतून आणलेला पितळी स्टोव्ह आला आणि त्याच्याबरोबर रॉकेलच्या रांगाही आल्या. पुढे गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा काळ आला. ज्या दिवशी टाकी घरात आली, त्या दिवशी आमच्या मातोश्रींनी शेगडीस हळदकुंकू वाहिले. कोळशाच्या धुराने त्यांचे डोळे आयुष्यभर चुरचुरत राहिले होते. ही निळी ज्योत कोठून आली, हे त्यांना ठाऊक नव्हते. आपणांपैकी अनेकांसही ते ठाऊक नसेल. म्हणून तेथूनच आरंभ करू.

आहेराच्या पाकिटात आपण एकशे एक किंवा पाचशे एक रुपये घालतो. त्यातील वरच्या एका रुपयाची, २०१५ सालापासून पुन्हा छापली जाऊ लागलेली नोट उलटून पाहावी. तिच्यावर समुद्रात उभ्या असलेल्या एका यंत्राचे चित्र आहे. तोच ‘सागर सम्राट’. पाय समुद्रतळावर टेकवून पाण्याच्या वर उभे राहणारे हे विहीर खणण्याचे तरते यंत्र जपानमध्ये बांधले गेले होते. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर त्याने खणलेल्या विहिरीस तेल लागले. त्या जागेचे नाव ‘बॉम्बे हाय’. १९७६ च्या मे महिन्यात तेथून उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी किनाऱ्याच्या अधिक जवळ, सुमारे ८० किलोमीटरांवर, चुनखडीच्या खडकात वायूचा एक मोठा साठा आढळला. त्यास ‘बसीन’, म्हणजे आपल्या वसईचे नाव देण्यात आले.

आता पाहा. वसईचा वायू सापडला १९७६ साली, आणि त्याचे उत्पादन सुरू झाले १९८८ साली. मध्ये बारा वर्षे गेली. एवढा विलंब का, असे कोणीही विचारील. काही विलंब टाळता आला असता, हे खरे. तथापि त्या बारा वर्षांतील बराच काळ ज्या कामात गेला, त्यालाच आखणी म्हणतात. आम्ही आज सांगणार आहोत ते एवढेच, की वायुक्षेत्राची आखणी म्हणजे पहिली विहीर उघडण्यापूर्वी शेवटच्या दिवसापर्यंतचा विचार करून ठेवणे होय. हा विचार जेथे अपुरा राहिला, तेथे त्याची किंमत कधी वायूने, कधी पैशाने आणि कधी माणसांच्या प्राणांनी द्यावी लागली आहे.

प्रथम वायूचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. कोळसा वखारीत ठेवता येतो. रॉकेल पिंपात राहते. खनिज तेल जहाजात भरून गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबता येते. वायूचे तसे नाही. त्याची वखार म्हणजे ती विहीरच. विहीर उघडली की त्याच क्षणी समुद्रातील प्लॅटफॉर्म, तळाखालील नळ, किनाऱ्यावरील शुद्धीकरणाचा कारखाना, जमिनीवरील नळ आणि शेवटी तो वायू जाळणारा कारखाना किंवा चूल, एवढी सारी साखळी सज्ज असावी लागते. त्यातील एक कडी नसली तर दोनच मार्ग उरतात. विहीर बंद ठेवावी, नाहीतर वायू जाळून टाकावा.

बॉम्बे हायमध्ये तो जाळावा लागला. तेथील वायू तेलात मिसळून येतो. तेल हवे असेल तर वायू वर येणारच. १९७८ साली समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ आला. परंतु त्यापूर्वी आणि त्यानंतरही काही वर्षे, वायू घेणारे कारखाने पुरेसे नव्हते म्हणून, पुष्कळ वायू प्लॅटफॉर्मच्या टोकाशी रात्रंदिवस जळत असे. त्या ज्वाला आम्ही पाहिल्या आहेत. रात्री बोटीतून जाताना क्षितिजावर तांबूस उजेड दिसे आणि इकडे पुण्यात आमच्या घरी रॉकेलची रांग चालू असे. तरुण वयात या विसंगतीचा आम्हांस संताप येई. कोणा एकाचा तो दोष नव्हता. साखळीच्या कड्या एका वेळी तयार झाल्या नव्हत्या, हेच त्याचे कारण होय.

वसईच्या साठ्याचे तसे नव्हते. तेथील वायू स्वतंत्र होता. त्यास तेलासाठी वर आणण्याची सक्ती नव्हती. म्हणून त्यास थांबविता आले, आणि त्याची आखणी करता आली.

या आखणीतील पहिला प्रश्न, वायू किती आहे हा. जमिनीखाली दोन-दोन किलोमीटरांवर काय आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. लाटांच्या प्रतिध्वनीवरून खडकाचा आकार काढतात, तीन-चार ठिकाणी विहिरी खणून खडकाचे नमुने आणतात, त्यातील छिद्रे किती, छिद्रांत वायू किती आणि पाणी किती हे मोजतात. एवढे करूनही येणारा आकडा हा अंदाजच असतो. मुलीच्या लग्नास किती पाने होतील, याचा अंदाज घरातील जाणते माणूस जसा ‘कमीतकमी इतकी, बहुधा इतकी आणि फार तर इतकी’ असा तीन आकड्यांत करते, तसेच येथेही तीन आकडे मांडावे लागतात. जो एकच आकडा छातीठोकपणे सांगतो, त्याच्यावर आम्ही कधीही विश्वास ठेवला नाही.

दुसरा प्रश्न, तो किती वेगाने काढावा हा. उदाहरणादाखल समजा, काढता येण्याजोगा वायू दहा हजार कोटी घनमीटर आहे. रोज दोन कोटी घनमीटर काढला तर तो सुमारे चौदा वर्षे पुरेल. रोज एक कोटी काढला तर सत्तावीस वर्षे. हा त्रैराशिकाचा हिशेब झाला. प्रत्यक्षात साठ्याचा दाब प्रतिवर्षी घटत जातो. काही वर्षे उत्पादन सपाट राखता येते, मग ते उतरू लागते, आणि मागाहून वायू ओढण्यासाठी कॉम्प्रेसर बसवावे लागतात. त्या कॉम्प्रेसरांसाठी लागणारी जागा पहिल्या दिवशीच राखून ठेवावी लागते. कारण समुद्रात मागाहून खोली वाढविणे म्हणजे वाड्याला नवा सोपा काढण्यासारखे सोपे नाही. वेग दुप्पट धरला तर विहिरी अधिक, नळ मोठा, कारखाना मोठा, आणि एवढा सारा खर्च करून तो निम्म्या वर्षांत रिकामा पडावयाचा. वेग फार कमी धरला तर गुंतविलेल्या भांडवलाचे व्याजही सुटत नाही. हा तोल साधणे हेच आखणी करणाराचे खरे कसब होय.

या आकड्यांचा आपल्या घराशी संबंध काय, तेही सांगतो. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. तेवढी उष्णता सुमारे अठरा घनमीटर नैसर्गिक वायूत असते. म्हणजे रोज एक कोटी घनमीटर वायू देणारे क्षेत्र प्रतिदिनी साडेपाच लाख टाक्यांइतकी उष्णता देते. मात्र टाकीतील गॅस आणि नळाने येणारा गॅस एक नव्हेत. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हे जड वायू असतात. ते गळले तर जमिनीलगत साचतात. नळाचा वायू मुख्यतः मिथेन, तो हवेहून हलका असतो आणि वर छताकडे जातो. म्हणून टाकी असणाऱ्या घरी खालची दारे उघडावीत, नळ असणाऱ्या घरी वरचे झरोके मोकळे ठेवावेत, आणि दोन्हीकडे वास येताच विजेच्या बटणास हात लावू नये. भगिनीवर्गाने या भाषणातील एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

तिसरा प्रश्न बांधणीचा. वसईच्या क्षेत्रात पाण्याची खोली सुमारे पन्नास ते साठ मीटर आहे. तेथे पोलादी नळ्यांचा मोठा सांगाडा समुद्रतळावर उभा करून, त्याच्या पायांतून लांब खुंट तळात ठोकतात आणि माथ्यावर प्लॅटफॉर्म बसवितात. असे सांगाडे मुंबईच्या माझगाव गोदीनेही बांधले आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. वायू वाहून नेणारा नळ पोलादाचा असतो. परंतु त्यास बाहेरून काँक्रीटचे जाड वेष्टन द्यावे लागते. कारण वायूने भरलेला एवढा मोठा नळ हलका होऊन पाण्यावर तरंगू लागेल. खाऱ्या पाण्याने तो गंजू नये म्हणून त्यास ठरावीक अंतरावर जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे लावतात. समुद्र त्या ठोकळ्यांस खातो आणि नळ वाचतो. घरातील थोरला भाऊ शिक्षण सोडून नोकरीस लागतो आणि धाकटी भावंडे शिकतात, असे आपल्या अनेक कुटुंबांत घडले आहे. त्या ठोकळ्यांचे कार्य आम्हांस नेहमी तसेच वाटत आले.

या बांधणीवर खरा अंमल चालतो तो पावसाळ्याचा. अरबी समुद्रात जूनपासून सप्टेंबरपर्यंत असे अवजड काम करता येत नाही. म्हणून सारे वेळापत्रक ऑक्टोबर ते मे या हंगामात बसवावे लागते. येथे आमची एक चूक कबूल करतो. उमेदीच्या वयात एका कामावर साहित्याची यादी तपासण्याची जबाबदारी आमच्याकडे होती. समुद्रातील जोडणीसाठी लागणाऱ्या एका मोठ्या व्हॉल्व्हपुढे आम्ही खूण केली ती ‘मागविला’ एवढ्यावर; ‘पोहोचला’ हे पाहिले नाही. व्हॉल्व्ह मेच्या अखेरीस आला. नळ टाकलेला होता, प्लॅटफॉर्म उभा होता, आणि समुद्र खवळला होता. तो व्हॉल्व्ह चार महिने धक्क्यावर ताडपत्रीखाली पडून राहिला. आमच्या वरिष्ठांनी आम्हांस रागाने एक शब्दही सुनावला नाही. मात्र दर सोमवारी ते आम्हांस धक्क्यावर जाऊन तो जागेवर आहे ना, हे पाहून येण्यास सांगत. ‘मागविला’ आणि ‘पोहोचला’ यांच्यामध्ये एक सबंध पावसाळा बसतो, हे आम्ही त्या चार महिन्यांत शिकलो.

चौथा प्रश्न, वायू कोठे न्यावा आणि कोणास द्यावा हा. वसईच्या वायूत गंधकयुक्त विषारी वायू मिसळलेला असतो. त्यास सडक्या अंड्याचा वास येतो, तो नळ खातो आणि माणसाचा जीव घेतो. त्यास वेगळे काढण्यासाठी किनाऱ्यावर मोठा कारखाना लागतो. तो सुरतजवळ हजिरा येथे उभारण्यात आला, आणि समुद्रतळावरून दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीचा, ३६ इंच व्यासाचा नळ तिकडे गेला. काढलेला गंधकही वाया जात नाही. तो घट्ट रूपात मिळवून विकला जातो. हजिऱ्यापासून पुढे मध्य प्रदेशातील विजयपूर आणि उत्तर प्रदेशातील जगदीशपूर येथवर, सतराशे किलोमीटरांच्या घरात, जमिनीखालून नळ नेण्यात आला. त्यासाठी १९८४ साली सरकारने ‘गेल’ ही स्वतंत्र कंपनी स्थापिली. विजयपूर, आंवला, जगदीशपूर येथील खतांचे कारखाने आणि अंता, औरैया येथील वीजकेंद्रे या वायूवर उभी राहिली.

वसईचे नाव लाभलेला वायू वसईस न येता हजिऱ्यास गेला, तेव्हा ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असे आम्हांसही वाटले होते. पुण्यात नळाने गॅस देणारी कंपनी स्थापन झाली ती २००६ साली. परंतु न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बॉम्बे हायचा वायू उरण, तुर्भे आणि अलिबागजवळील थळ येथे आलाच होता. थळच्या कारखान्यात १९८५ पासून त्यापासून खत तयार होऊ लागले. मिथेनमधील हायड्रोजन आणि हवेतील नत्र यांच्या संयोगाने अमोनिया होतो, अमोनियापासून युरिया होतो, आणि युरियापासून शेतात धान्य उभे राहते. ज्यांच्या घरी कधी गॅस पोहोचला नाही त्यांच्या ताटातही या वायूचा अंश आहे. खत, वीज आणि चूल यांपैकी कोणास आधी द्यावे, हा प्रश्न केवळ अभियंत्याचा नव्हे. तो समाजाचा प्रश्न आहे. म्हणून त्याची चर्चा जाणत्या नागरिकांनी करावयास हवी.

आता या विषयाची दुःखद बाजू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर कोसळलेला पाऊस आपणां सर्वांस आठवत असेल. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैस, बॉम्बे हायच्या उत्तर भागातील प्लॅटफॉर्मवर आग लागली. एका जहाजावरील स्वयंपाक्यास दुखापत झाली होती. हवामान वाईट असल्याने हेलिकॉप्टर मिळेना, तेव्हा त्यास उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर उतरविण्याकरिता जहाज जवळ आले. लाटांनी जहाज हेलकावले आणि वायू वाहणाऱ्या उभ्या नळावर आदळले. सुमारे दोन तासांत सबंध प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. ३६२ माणसांस वाचविण्यात आले; २२ जण गेले.

त्या रात्री आम्ही झोपलो नाही. जहाजे ज्या बाजूस लागतात त्या बाजूस वायूचा उभा नळ संरक्षणावाचून असावा काय, हा प्रश्न नकाशाच्या कागदावरच विचारावयाचा असतो. स्कॉटलंडनजीकच्या समुद्रातील पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर १९८८ साली १६७ माणसे मेली. तो प्लॅटफॉर्म मुळात तेलासाठी आखलेला होता आणि वायूची यंत्रे त्यावर मागाहून बसविली होती. आग लागल्यावरही शेजारच्या प्लॅटफॉर्मांवरून तिकडे इंधन वाहतच राहिले. आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आपल्याच समुद्रात कामगारांचा तराफा व एक ओढबोट बुडून ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली, ते दुःख तर अद्याप ताजे आहे. वादळाची सूचना आधी मिळाली होती. कामाचे वेळापत्रक आणि वादळाचे वेळापत्रक यांत कोणाचे ऐकावयाचे, हे ज्या आखणीत स्पष्ट लिहिलेले नसते, ती आखणी अपुरी आहे असे आमचे ठाम मत आहे.

शेवटचा प्रश्न, शेवटाचाच. वायू संपल्यावर काय? नॉर्वेच्या एकोफिस्क या क्षेत्रात तेल व वायू काढल्यामुळे खालचा खडक दबला आणि समुद्रतळच खचू लागला. १९८७ साली तेथील प्लॅटफॉर्म सहा मीटर उचलून उंच करावे लागले. साठा रिता करताना वरच्या जगाचे काय होईल, हाही प्रश्न पहिल्या दिवसाचा, हा धडा त्यातून मिळाला. संपलेल्या विहिरींत सिमेंट भरून त्या बुजवाव्या लागतात, पोलादाचे सांगाडे काढून न्यावे लागतात, आणि त्याचा खर्च उत्पादन चालू असतानाच बाजूस काढून ठेवावा लागतो. त्याच नॉर्वेने आणखी एक गोष्ट केली. १९९० साली कायदा करून तेल-वायूच्या उत्पन्नाचा स्वतंत्र निधी निर्माण केला आणि तो पुढील पिढ्यांसाठी गुंतविला.

ही गोष्ट आपल्या मंडळास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या शिष्यवृत्ती निधीचा नियम वडीलधाऱ्यांनी पहिल्याच वर्षी घालून दिला आहे. व्याज मुलांच्या शिक्षणास द्यावे, मुद्दलास हात लावू नये. समुद्रातील वायू हे आपल्या देशाचे मुद्दल आहे. त्यास लक्षावधी वर्षे लागली आणि तो दोन-तीन पिढ्यांत संपावयाचा आहे. आज देश जाळतो त्या वायूपैकी जवळजवळ निम्मा परदेशांतून जहाजाने, थंड करून द्रवरूपात आणलेला असतो. अशा स्थितीत मुद्दल खर्च करताना त्याच्या मोबदल्यात काहीतरी टिकाऊ उभे राहिले पाहिजे. शेती, कारखाने, शाळा, आणि सूर्य व वारा यांपासून वीज मिळविण्याची विद्या, यांपैकी काही जर त्यातून उभे राहिले नाही, तर आपण मुद्दल खाल्ले असेच पुढची पिढी म्हणेल.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. येथे बसलेल्या पालकांनी, ज्या मुलामुलींना यंत्रांची आवड आहे, त्यांस या क्षेत्राची वाट मोकळी करून द्यावी. नव्या विहिरी खणणारे पुष्कळ आहेत. जुन्या विहिरी सुरक्षितपणे बुजविणारे, जुन्या नळांची तपासणी करणारे फार थोडे आहेत, आणि येत्या वीस वर्षांत त्यांचीच गरज अधिक पडणार आहे. आणि घरोघरी गृहिणींनी, तसेच आता स्वयंपाकघरात शिरू लागलेल्या गृहस्थांनीही, उकळी आल्यावर ज्योत बारीक करण्याची आमच्या मातोश्रींची सवय चालू ठेवावी. त्या बारीक ज्योतीने देश वाचेल, असा आमचा दावा नाही. परंतु ती ज्योत आणण्यासाठी जे समुद्रात गेले आणि परत आले नाहीत, त्यांची आठवण तेवढ्याने राहील.